मातीवरच्या गाड्यांची उतरंड

डर्ट ट्रॅकच्या पिटमध्ये डोळे मिटून उभं राहिलं, तरी शेजारून कुठल्या वर्गाची गाडी गेली ते कळतं. स्पोर्ट कॉम्पॅक्टचं चार सिलिंडरचं इंजिन तारस्वरात ओरडतं, हॉबी स्टॉकचं व्ही-८ खर्जात गुरगुरतं, आणि सुपर लेट मॉडेल गेली की छातीच्या पिंजऱ्यात हादरा बसतो. मी पूर्व आयोवात राहतो. आठवडाभर नोकरी, आणि उन्हाळ्यात शनिवारी रात्री गावच्या मातीच्या ट्रॅकवर गाड्यांची तांत्रिक तपासणी. इथे या कामाला सगळे नुसतं ‘टेक’ म्हणतात. सोबत टेप, वजनकाटा, टायरचा मऊपणा मोजणारा ड्युरोमीटर आणि कोपरे काळे पडलेलं नियमपुस्तक.

माझं मूळ गाव सांगलीकडचं. तिकडे बैलगाडी शर्यतीत बैलाचा जबडा उघडून दातांवरून वय ओळखतात आणि आदत, दुसा, चौसा असे गट पाडतात. त्यामुळे एका रात्रीत एवढे वर्ग कशाला, हा प्रश्न मला कधी पडला नाही. ताकद जुळेल त्यांनाच एका ओळीत सोडायचं, हे रक्तातच होतं. फरक एवढाच की बैलाचं वय विकत मिळत नाही. गाडीचा वेग मिळतो. म्हणून इथल्या प्रत्येक वर्गाचे नियम मुळात खर्चाला घातलेला बांध असतात, आणि तो बांध कुठे फुटतोय हे बघत बसणं हेच टेकवाल्याचं काम.

हे काम या खेळाइतकंच जुनं आहे. १९ जून १९४९ रोजी नॅसकार या अमेरिकन शर्यत-संस्थेची ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ वर्गाची पहिली शर्यत शार्लटला झाली, पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर. शोरूममधून निघेल तशीच गाडी पळवायची, एवढाच त्या वर्गाचा अर्थ. ग्लेन डनअवे पहिला आला. तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार सापडला. चोरटी दारू वाहणारे लोक गाडी वळणावर ठरावी म्हणून करत, तोच. डनअवेला बाद करून लिंकन पळवणाऱ्या जिम रोपरला विजयी ठरवलं. गाडीच्या मालकाने दहा हजार डॉलरचा दावा लावला आणि कोर्टाने तो फेटाळला. पहिल्याच शर्यतीचा निकाल तपासणीच्या जागेवर लागला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. त्या दिवशी हात आखडता घेतला असता, तर ‘स्टॉक’ या नावाखाली काहीही खपलं असतं.

आज सगळ्यात वरच्या पायरीवर सुपर लेट मॉडेल आहे. तिच्यात कारखान्यातलं काही उरलेलं नाही. नळ्यांची चासी, वर पातळ पत्र्याची पाचरीसारखी बॉडी, आठशेच्या वर अश्वशक्ती आणि वजन जेमतेम २,३०० पौंड. ॲक्सिलरेटर दाबला की मागचं डावं चाक पुढे सरकत बॉडीखाली जातं, गाडीची डावी बाजू वर उचलते आणि पुढचं डावं चाक चक्क हवेत. ओहायोतल्या एल्डोरा स्पीडवेवर १९७१पासून ‘वर्ल्ड १००’ होते. तिथल्या उंच वळणांवर या गाड्या भिंतीला घासून जाताना बघाव्यात. देखणा वर्ग आहे. पण त्याचं इंजिन घ्यायला निघालेला माणूस आमच्या गावचा शेतकरी किंवा वेल्डर नसतो, आणि माझा जीव त्याच्या खालच्या पायऱ्यांत अडकलेला आहे.

मॉडिफाइड हे आमच्या भागाचं लेकरू. आयएमसीए ही संस्था १९१५ची, आणि तिने हा वर्ग १९७९मध्ये इथेच व्हिंटनला सुरू केला. पुढची चाकं उघडी, पुढचा सांगाडा साध्या प्रवासी गाडीचा, टायर सगळ्यांना एकाच ठरावीक जातीचे. खरी अक्कल होती ती ‘क्लेम’च्या नियमात. जिंकलेल्याचं इंजिन मागे आलेला स्पर्धक ठरावीक, अगदी थोड्या रकमेत मागू शकत होता. द्यायला नकार दिला तर जिंकलेलं हातचं जायचं. मग चौपट खर्चाचं इंजिन बांधणार कोण? कुणी इन्स्पेक्टर न नेमता माणसांच्या हिशेबी स्वभावावरच पहारा बसवला. याहून शहाणा नियम मी कुठल्याच खेळात पाहिलेला नाही.

पुढे क्रेट इंजिनं आली. शेवरलेचं ६०२ आणि ६०४, दोन्ही ३५० घन इंचांची, कारखान्यातून सीलबंद. पहिलं साधारण साडेतीनशे अश्वशक्तीचं, दुसरं चारशेचं. आता मला इंजिन उघडावं लागत नाही, बोल्टांची सील शाबूत आहेत का एवढं बघायचं. सोय मोठी आहे. पण गॅरेजमध्ये स्वतः इंजिन बांधणारा जो कसबी होता त्याचं काम त्यात गेलं, आणि हे मला सलतं.

सगळ्यात अवघड राखण हॉबी स्टॉकची. जुनी अमेरिकन, मागच्या चाकांवर चालणारी गाडी, काचा काढलेल्या, आत पिंजरा वेल्ड केलेला. बहुतेकांच्या खाली जनरल मोटर्सची १०८ इंच व्हीलबेसची ‘मेट्रिक’ फ्रेम असते: माँटे कार्लो, रीगल, कटलस, ग्रां प्री. या गाड्यांचं उत्पादन १९८८पर्यंत संपलं. भंगारवाल्याकडे आता त्या मिळत नाहीत, म्हणून एकच फ्रेम तीन-तीन मालकांकडून फिरते, वाकते, तापवून सरळ होते, ठिगळं घेते. मी फ्रेमखाली आडवा होतो तेव्हा खरा प्रश्न असतो की हे ठिगळ दुरुस्तीचं की सस्पेन्शनचा बिंदू अर्धा इंच सरकवण्यासाठी मारलेलं. अर्ध्या इंचात वळणाची पकड बदलते. लेट मॉडेलमध्ये तो अर्धा इंच कौशल्य ठरतो, हॉबी स्टॉकमध्ये चोरी. लोखंड तेच, वर्ग निराळा. वेल्डचा रंग, त्यावरच्या गंजाचं वय, रंगाचा थर यांवरून ठरवायचं, आणि समोर गाडीवाला, त्याची बायको, दोन पोरं उभी असतात. मी नवीन फ्रेमला परवानगी द्यावी या मताचा आहे, पण तिच्या किमतीवर कडक लगाम घालूनच. नाहीतर ज्याच्यासाठी हा वर्ग काढला तोच आधी बाहेर पडेल.

या सगळ्यात माती आपला निकाल वेगळा देत असते. दुपारी पाणी मारून दाबलेली चिकणमाती सुरुवातीला ओली, चिकट, चाकाला धरणारी. तेव्हा ताकद असणाऱ्याची चलती. रात्री फायनलपर्यंत ती काळी, काचेसारखी गुळगुळीत होते, आणि मग जास्त अश्वशक्ती म्हणजे जास्त घसरण. अशा वेळी सीलबंद ६०२वाला आतल्या कडेने हळू पायाने गाडी नेतो आणि पुढे निघतो. तेव्हाच टायरला रसायन पाजून मऊ करण्याचा मोह होतो. ड्युरोमीटरचा काटा तापमानाप्रमाणे हलतो, म्हणून मी त्याच्यावर एकट्यावर विसंबत नाही. नाकाने वास घेतो, आणि शंका आली तर तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवतो.

पहिल्या तीन गाड्या तपासण्याचा आमचा शिरस्ता. मी मधल्या कुठल्या तरी नंबरची एक गाडीही बोलावतो, बहुधा कॉम्पॅक्टची. त्या वर्गात सोळा-सतरा वर्षांची पोरं असतात, गाडी जुनी निऑन नाहीतर कॅव्हलियर, खिसा रिकामा. त्यांचे सीटबेल्ट आधी बघतो. बेल्टवर तारखेचा शिक्का असतो आणि उत्पादनापासून दोन वर्षांनी तो बदलावा लागतो. ऊन-चिखलाने त्याचे धागे कमजोर होतात. खर्चाची कुठलीही अडचण मी ऐकून घेतो, ही मात्र ऐकत नाही. तारीख उलटलेली असेल तर बेल्ट बदलल्याशिवाय पुढच्या शनिवारी गाडी ट्रॅकवर जात नाही. पिटमध्ये दोन-तीन जुने ड्रायव्हर आहेत, त्यांच्याकडे जादा चांगला बेल्ट असतो. त्यांच्याकडे त्या पोराला मी स्वतः घेऊन जातो.