उड्डाणापूर्वीची घटका

लहान मुलांना पराक्रम हवा असतो आणि वडीलधाऱ्यांना बोध हवा असतो. ज्या घरात तीन पिढ्या एका छपराखाली नांदतात, तेथे या दोन मागण्यांचा तंटा काही नवा नाही. पूर्वी तो रात्री निजानीज होताना आजीच्या अंथरुणापाशी निघे. आमच्या माकणीच्या घरी १९९७ सालापासून तो दूरचित्रवाणी संचापुढे निघू लागला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाला, आणि पुढे रविवारी दुपारी बाराचा सुमार हा त्याचा मुहूर्त ठरून गेला. पाने मांडलेली आहेत, वरण निवते आहे, सोवळ्यातल्या माई दोनदा हाका मारून थकल्या आहेत, आणि घरातील झाडून सारी मुले संचाकडे तोंड करून बसली आहेत, असा तो देखावा असे. त्यातच वीज गेली म्हणजे जो आक्रोश उठे, तो ऐकून शेजारची मंडळी विचारपूस करावयास येत.

आम्ही प्रथम प्रथम या नव्या वीराकडे कौतुकमिश्रित अनादराने पाहिले. ‘महाभारत’ मालिकेत ज्यांना आम्ही भीष्माच्या धीरगंभीर रूपात पाहिले होते, तेच मुकेश खन्ना आता तांबड्या-सोनेरी पोषाखात भोवऱ्यासारखे गरगर फिरू लागलेले पाहून माईंनी तर कपाळाला हात लावला होता. परंतु त्या भोवऱ्याची दुसरी बाजूही होती. शक्तिमान एरवी गंगाधर म्हणून वावरे. पुढे आलेले दात, जाड भिंगांचा चष्मा, चापून बसविलेले केस आणि बोलणे असे पंडिती, की वर्तमानपत्राच्या कचेरीतील सहकाऱ्यांनी त्याची खुशाल टिंगल करावी. योगसाधनेने आणि पंचमहाभूतांच्या बळाने संपन्न झालेला पुरुष सर्वांसमक्ष हास्यास्पद होऊन राहतो, ही कल्पना आम्हांस मनापासून आवडली. ज्या मुलाला शाळेत ‘चष्मिस’ म्हणून चिडविले जात असेल, त्याला या गंगाधराने केवढा दिलासा दिला असेल!

तथापि, आमचे थोरले बंधू आप्पा, ज्यांची सारी हयात शाळामास्तरकीत गेली, त्यांचे समाधान एवढ्याने होईना. एकदा हात धुता धुता ते आम्हांस म्हणाले, “अहो, हा गंगाधर म्हणजे माणूस नव्हे, नुसते सोंग आहे. सोंगाला काय वाढ असते?” त्या वेळी आम्ही वाद घातला, पुढे मात्र विचार करता त्यांचे म्हणणे पटत गेले. गंगाधर पहिल्या दिवशी जसा होता तसाच तो शेवटपर्यंत राहिला. तो चुकला, पस्तावला, काही शिकला, असे सहसा होत नसे. आणि शक्तिमान तर आरंभापासूनच परिपूर्ण! मग गोष्टीने पुढे सरकावे कसे? तिने एकामागून एक नवे राक्षस आणले. तमराज किल्विषाच्या अंधाऱ्या दरबारातून दर खेपेस कोणी तरी नवा दुष्ट निघे आणि मार खाऊन जाई. नायकाचा स्वभाव वाढत नसला म्हणजे खलनायकांची संख्या वाढवावी लागते, हा जणू मुलांच्या वीरकथांचा नियमच होऊन बसला आहे.

मालिकेच्या कर्त्यांनाही ही उणीव जाणवली असावी. म्हणून तर भागाच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ या नावाचे एक शेपूट जोडलेले असे. त्यात एखादा मुलगा खोटे बोले, हात न धुता जेवे, कोठे तरी कचरा टाकी. शक्तिमान प्रकट होऊन त्याला समजावी, आणि मुलगा ओशाळून क्षमा मागे. वडीलधारी मंडळी या शेपटावर खूष असत. आमच्या मुलांची मात्र नेमकी तेव्हाच पानावर बसण्याची घाई होई. यात एक गंमत आहे. संबंध भागात ज्याच्या मनात काही पालट होतो असे पात्र बहुधा याच पाच मिनिटांत येई, आणि ते म्हणजे तो अपराधी मुलगा! परंतु त्याची चूक गोष्टीच्या बाहेर, युद्ध आटोपल्यावर आलेली. शील आणि पराक्रम ही दोन निरनिराळ्या ताटांत वाढली, तर मुले आपल्या आवडीचे ताट तेवढे उचलणार, यात त्यांचा दोष तो काय?

पुढे वर्तमानपत्रांत बातम्या येऊ लागल्या, की शक्तिमान येऊन वाचवील या भरवशावर कोठे कोठे मुलांनी उंचावरून उड्या घेतल्या, स्वतःला जाळूनही घेतले. मालिकेच्या कर्त्यांनी हा दोष आपल्याकडे घेतला नाही. परंतु असे धाडस करू नका, हे शक्तिमानाच्याच तोंडून मुलांना सांगितले जाऊ लागले. आमच्या घरी तोपर्यंत ही गोष्ट हसण्यावारी जात होती. एके दिवशी धाकट्या बंधूंचा आठ वर्षांचा मुलगा परसातल्या पडक्या भिंतीवर हात पसरून उभा राहिलेला दिसला, तेव्हा हसू मावळले. आम्ही धावत जाऊन त्याला खाली घेतले, दोन शब्द सुनावलेही. तो रडला नाही. त्याने उलट विचारले, “काका, शक्तिमान भूकंपाच्या रात्री का आला नाही?”

वाचकांस येथे थोडा खुलासा केला पाहिजे. ती भिंत पडकी का होती, हे या मुलुखात कोणी विचारीत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती बोळवून गावेच्या गावे गाढ झोपली असता, पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर ही नावे सबंध देशाला त्या पहाटे कळली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीची जड माळवदे, अशी आमच्याकडची जुनी घरे. जी उन्हाळ्यात गारवा देत, तीच हजारोंच्या अंगावर कोसळली. या मुलाचे आजोळ सास्तूरकडचे. त्याची आजी त्यांत गेली. तो तेव्हा चार वर्षांचा होता.

भूकंपाला खलनायकही नव्हता, हे आणखी कठीण. आमच्या गावाजवळ तेरणेवर धरण आहे. त्या पाण्याच्या भारानेच हे झाले असे कित्येकजण म्हणत, आणि शास्त्रज्ञांतही त्यावर ऊहापोह झाला. दख्खनचे हे पठार स्थिर मानलेले, तेथे एवढा हादरा बसावा याचे त्यांनाही नवल होते. परंतु ज्याला बुक्की मारावी असा किल्विष त्यातून कोणालाही सापडला नाही. ज्या गोष्टीत नुसते युद्धच आहे, ती अशा दुःखापुढे मुकी होते. आम्हीही त्या दिवशी मुकेच झालो.

उत्तर आप्पांनी दिले. त्यांनी मुलाला जवळ बसवून घेतले आणि त्या सकाळची हकीकत सांगितली. पाऊस होता, वाटा बुजल्या होत्या, फावडी पुरेनात म्हणून माणसे हातांनी माती उकरीत होती. मग लष्कराचे जवान आले, आणि दूरदूरच्या गावांहून अनोळखी लोक भाकऱ्या बांधून आले. आप्पा स्वतःही गेले होते. हे त्यांनी तोवर घरात कधी बोलून दाखविले नव्हते.

“तुम्हांला भीती नाही वाटली, आप्पा?”

“वाटली की. जमीन मधून मधून हालतच होती. एका घराच्या दारातून मी एकदा परत फिरलो.”

“मग?”

“मग आतून कोणी तरी कण्हल्यासारखे ऐकू आले. तेव्हा पुन्हा गेलो.”

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. कोणाला बाहेर काढले, किती काढले, हे त्याने विचारले नाही. त्याने एवढेच विचारले, “परत फिरलात तेव्हा किती वेळ थांबला होतात?”

आमच्या मते मुलांच्या वीरकथेचे सारे मर्म त्या प्रश्नात आहे. दारातून परत फिरणे आणि पुन्हा आत जाणे, या दोहोंमधली जी घटका, तिचे नाव स्वभाव; आणि पुन्हा आत टाकलेले पाऊल, त्याचे नाव पराक्रम. पहिली वगळली तर दुसऱ्याला किंमत उरत नाही. आपल्या पूर्वजांना हे पक्के ठाऊक होते. वाल्मीकींनी मारुतीचे समुद्रोल्लंघन किती बहारीने रंगविले आहे! परंतु त्यापूर्वी सारी वानरसेना तीरावर हताश बसलेली आहे, जो तो आपली झेप कोठवर पोहोचेल हे सांगतो आहे, आणि मारुती मात्र एका बाजूस गप्प आहे. जांबवंत त्याला त्याच्या बळाची आठवण करून देतो, तेव्हा तो वाढू लागतो. ते मौन नसते तर उड्डाण हा केवळ एक चमत्कार ठरला असता.

आमच्या नारदीय कीर्तनकारांचीही रीत हीच. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. पण आख्यान त्याच अभंगाच्या पोटातून निघालेले असते, आणि शेवटी पुन्हा त्याच चरणावर येऊन विसावते. निरूपण लांबले तर मुले पेंगतात, आख्यानच लांबले तर बुवांची केवळ करमणूक होते. दोहोंचे माप किती, हे घड्याळ सांगत नाही. श्रोत्यांचे डोळे सांगतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही याच रीतीने आम्हांस जवळचा वाटत आला. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा साहसात उडी घेतो खरा, पण त्याच्यापाशी सायकल आणि डोके यांपलीकडे काही नाही, आणि त्याची फजितीही होते. म्हणून पान उलटताना वाचणाऱ्या मुलाच्या पोटात खड्डा पडतो.

‘शक्तिमान’ २००५ साली संपला. त्यानंतर ढोलकपूरचा लाडूप्रिय छोटा भीम आला, परदेशी वीरांची तर रीघच लागली, आणि आता ते सारे हातातल्या चिमुकल्या पडद्यावर पाहिजे तेव्हा हजर होतात. त्यांना दारे बंद करून भागणार नाही, आणि तसे करावे असे आम्ही म्हणतही नाही. शक्तिमानाचेही आम्ही ऋणीच आहोत. त्याच्यामुळेच तर तो प्रश्न निघाला आणि आप्पांची चार वर्षांची गाठ सुटली.

आप्पा आता नाहीत. तो पुतण्या पुण्यास नोकरीला असतो आणि सुटीत मुलीला घेऊन गावी येतो. गेल्या उन्हाळ्यात ती ओसरीवर बसून कसलीशी घनघोर मारामारी पाहत होती. तिचा आवडता वीर उंच कड्याच्या टोकाशी येऊन उडी घेण्याच्या बेतात होता. बापाने हलकेच बोट लावून चित्र तेथेच थांबविले. आम्हांस वाटले, आता उपदेश होणार. त्याने तिला एवढेच विचारले, “याला आत्ता भीती वाटत असेल का ग?”

ती चिडली, मग चित्राकडे निरखून पाहू लागली. जेवणाची पाने मांडून झाली होती, पण त्या दिवशी आम्ही कोणीच तिला हाक मारली नाही.