डार्विनहून, डेली नदीवरून

डार्विन, जून

ती. ताईस,
इथे कोरडा ऋतू चालू आहे, आभाळ स्वच्छ. ही लॅराकिया लोकांची भूमी. इथल्या सभा तसं म्हणूनच सुरू होतात.

जीव द्यायला निघालेला माणूस वाचून घरी येतो, त्यानंतरचे काही महिने फार धोक्याचे. तू रुग्णालयात काम करतेस, तुला हे मी सांगायला नको. ‘बियॉन्ड ब्लू’ संस्थेने २०१४ मध्ये याच शहरात ‘वे बॅक’ ही सेवा सुरू करून पाहिली: घरी सोडल्यावर तीन महिन्यांपर्यंत कुणीतरी सोबतीला. चांगलीच गोष्ट. पण इथल्या आदिवासींच्या दारात अनोळखी माणूस फाईल घेऊन उभा राहिला की पोटात गोळा येतो. असेच सरकारी लोक येऊन पिढ्यान्‌पिढ्या त्यांची मुलं उचलून नेत. ऑस्ट्रेलियाच्या संसदेत त्याची माफी मागितली गेली ती २००८ मध्ये. आजही त्यांच्यातलं आत्महत्यांचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त आहे, आणि त्याला नुसता मनाचा आजार म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून सोबत आपल्यातल्याची हवी. सिडनीच्या रेडफर्नमध्ये १९७१ साली आदिवासींनी स्वतःचा पहिला दवाखाना काढला. आता असे शंभराहून जास्त आहेत आणि संकटानंतरची सोबतही त्यांच्याकडे येऊ लागली आहे. तिथली कार्यकर्ती आधी विचारते, तू कुणाची, कुठल्या भूमीची? कोणत्या नातेवाइकासमोर बोलायचं नाही, बाईचं कोणतं बोलणं बाईशीच व्हायला हवं, हे तिला ठाऊक असतं. मग मासे धरायला नेणं, आजीकडे पोचवणं, घरभाड्याचा अर्ज भरून देणं. आणि रात्रभर जागणाऱ्या घरच्यांची विचारपूस, जी आपल्याकडे राहूनच जाते.

डेली नदी

ताई,
मगरींमुळे पाण्यापासून लांब बसून लिहिते आहे. नाउयू गावच्या मिरियम-रोझ उंगुनमेर-बाउमन या शिक्षिका आणि चित्रकार. त्यांच्या लोकांची ‘दादिरी’ ही रीत त्यांनी देशाला सांगितली: स्वस्थ बसून, खोलवर ऐकणं. समोरचा गप्प असेल तर आपणही गप्प. अख्खी दुपार गेली तरी चालते.

हा भाबडेपणा समजू नकोस. किंबर्लीतल्या बार्डी समाजाच्या मानसशास्त्रज्ञ पॅट डजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ च्या अहवालात देशभरचे प्रयत्न तपासून हेच मांडलं, की सूत्रं समाजाच्या हाती हवीत. शरीर आणि मनाबरोबर नाती, समाज, संस्कृती, भूमी, पूर्वज, सगळं त्यांच्या हिशेबात येतं. राग येतो तो निधीचा. मंजुरी थोड्या वर्षांची. माणूस विश्वास टाकू लागतो तोवर कार्यकर्तीची नोकरी संपते.

२०२२ पासून ‘१३यार्न’ ही फोनसेवा आहे. रात्री-अपरात्री केव्हाही लावा, पलीकडे आदिवासी माणूसच बोलतो.

पुढे ॲलिस स्प्रिंग्ज. तिथे न्गांकारी, म्हणजे वाळवंटातले पारंपरिक वैद्य, रुग्णालयांत डॉक्टरांच्या बरोबरीने काम करतात. त्यांच्याविषयी सविस्तर तिथूनच लिहीन.

तुझी,
सुमा