शनवार तेल्याच्या छपरावर

आपल्या लोकांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत, हे या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची जरूर नाही. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे ते आपण. बाकी पेहेराव तोच, भाषा तीच, घाणाही तोच. सिनेगॉग नव्हते, सेफेर तोरा नव्हता, हिब्रूपैकी 'शेमा' तेवढा तोंडी राहिला होता. पण शनिवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, एवढे मात्र पिढ्यान् पिढ्या कोणी विसरले नाही. दहा आज्ञांतील चौथ्या आज्ञेत विश्रांती घेणाऱ्यांच्या यादीत बैलाचे नाव स्पष्ट आहे. आठवडाभर डोळ्यांना झापड बांधून गोल गोल फिरणाऱ्या त्या मुक्या जनावराला आपला धर्म बहुधा आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असेल!

हे सारे आज आठवण्याचे कारण म्हणजे आमच्या घराचे छप्पर. कॅलिफोर्नियात सांता क्लारा या गावी मी मुलाकडे राहते. त्याने छपरावर सोळा सोलर पॅनेल बसविली आहेत. जूनमध्ये दिवसाला पस्तीसएक युनिट वीज निघते, डिसेंबरात ढगाळ दिवशी चार-पाच युनिटांवर समाधान मानावे लागते. किती वीज निघाली ते मोबाईलवर दिसते. मी मुंबईत बरीच वर्षे शाळेत सायन्स शिकविले असल्यामुळे मला त्या आकड्यांचा नाद लागला आहे. सून म्हणते, "आई, तुम्ही शेअरबाजार बघावा तशा हे बघता." शब्बाथला मात्र मी मोबाईल उघडत नाही. रविवारी सकाळी शनिवारचा आकडा पाहिला की तो इतर दिवसांइतकाच असतो.

नातीने एकदा विचारलेच, "आजी, पॅनेल शब्बाथ पाळत नाहीत?"

मी तिला म्हटले, "काम पॅनेल करीत नाही बाळ, सूर्य करतो. आणि त्याला सुट्टी द्यायचा अधिकार आपल्याला नाही." उत्तर तिला पटले. मला तितकेसे पटले नाही, पण त्याविषयी पुढे सांगते.

या खोऱ्यात उन्हाला कामाला लावणे नवे नाही. आज जगभर सिलिकॉन व्हॅली म्हणून गाजणारा हा प्रदेश गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत फळबागांचा होता. 1856 साली पेलिए नावाच्या एका फ्रेंच माणसाने आपल्या देशातून एक जातीचे आलुबुखार येथे आणून लावले, आणि पुढे मैलोगणती त्याच्या व जर्दाळूच्या बागा झाल्या. फळ उतरले की बायका-मुले जर्दाळू हाताने चिरीत, बी काढीत, लाकडी तबकांवर उताणे मांडीत, गंधकाची धुरी देत आणि तबके रानभर उन्हात पसरीत. शेजारच्या सनीव्हेल गावी म्युनिसिपालटीने दहा एकरांची जर्दाळूची एक जुनी बाग मुद्दाम राखली आहे. तेथे मी ती तबके पाहिली आणि मला एकदम आमच्या रेवदंड्याच्या अंगणातील वाळवण दिसू लागले. कोकमाची सोले, आंबोशी, पोह्याचे पापड, आणि कावळा हाकायला बसविलेली एखादी पोर. ती पोर बहुतेक मीच असे.

त्यानंतर 1968 च्या सुमारास येथून जवळच मेनलो पार्कला स्ट्युअर्ट ब्रँड नावाच्या गृहस्थाने एक जाडजूड कॅटलॉग काढला. घर स्वतः कसे बांधावे, पवनचक्की कशी उभारावी, उन्हावर पाणी कसे तापवावे, याची अवजारे व पुस्तके त्यात असत. लांब केसांची, अनवाणी फिरणारी ती पिढी आमच्या शेजारी अजून एका जोडप्याच्या रूपाने नांदते आहे. नवरा ऐंशी वर्षांचा, पाठीवर पांढरी वेणी. तो आपल्या तरुणपणाबद्दल ज्या सुरात बोलतो त्याच सुरात मी नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा यांबद्दल बोलते, असे सुनेचे म्हणणे आहे. त्याला मी एकदा मलिदा खाऊ घातला. पोहे भिजविलेले, ओले खोबरे, साखर, वेलची, वर फळे. कशालाही विस्तव लागत नाही हे ऐकून तो इतका खूष झाला की जणू एलियाहू हन्नाबीने हा पदार्थ इंधन वाचविण्यासाठीच नेमून दिला असावा!

पण नुसत्या वेणीवाल्यांचीच ही हौस होती असे नव्हे. सांता क्लाराची म्युनिसिपालटी 1896 पासून स्वतःची वीज स्वतः विकते. तेलाच्या टंचाईच्या दिवसांत, 1975 साली, याच म्युनिसिपालटीने सूर्यशक्तीचे खाते उघडले. त्या देशातले तसे ते पहिलेच. पोहण्याच्या तलावाचे पाणी उन्हावर तापविण्याची साधने म्युनिसिपालटी स्वतः बसवून देई, दुरुस्त ठेवी आणि भाडे घेई. आपल्याकडे नगरपालिका नळाचे पाणी देते तेवढेच पुष्कळ वाटते; येथे तिने ऊन पुरविले!

माझी सून ह्या गोष्टीला फारसे मोल देत नाही. ती लोदला जन्मलेली. तिचे आईवडील पनवेलचे. तिकडे गेल्यावर आधी मराठी वर्तमानपत्राची आठवण काढून रडले आणि मग छपरावरच्या 'दुद'च्या प्रेमात पडले, असे ती सांगते. दुद शेमेश म्हणजे उन्हावर तापणारी पाण्याची टाकी. इस्राएलमध्ये 1950 नंतरच्या काळात इंधनाची इतकी ओढाताण होती की रात्री ठराविक तासांत पाणी तापविण्यास मनाई झाली होती. तेव्हा लेवी यिस्सार यांनी 1953 मध्ये अशा टाक्यांचा कारखाना काढला. पाठोपाठ झ्वी ताबोर यांनी ऊन अधिक शोषून घेणारा काळा मुलामा शोधला. आणि 1980 साली नव्या घरांवर दुद असलाच पाहिजे असा कायदा झाला. लोद, अश्दोद, दिमोना, जेथे जेथे आपले लोक गेले तेथे पनवेल-पेणच्या बायकांची न्हाणी उन्हावर चालू लागली. शब्बाथला दुदचे पाणी घ्यावे की नाही, यावर रब्बींमध्ये मतभेद आहेत. सूनबाईच्या आईने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता: नातवंडांना न्हाऊ घालायचे ते शुक्रवारी दुपारी.

एका गोष्टीने मात्र सूनही चकित झाली. मागे एका वाऱ्याच्या दिवशी कोठेतरी झाड पडून आमच्या भागाची वीज गेली. आभाळ स्वच्छ, ऊन भरपूर, छपरावर सोळा पॅनेल, आणि घरात दिवा नाही! याचे कारण सोपे आहे. घरची वीज तारांवाटे बाहेर जात राहिली, तर खांबावर चढलेल्या माणसाला धक्का बसेल. म्हणून बाहेरची वीज गेली की आपला इन्व्हर्टरही आपोआप बंद पडतो. बॅटरी असेल तरच घरापुरती वीज राहते. आमच्याकडे ती अजून नाही. किंमत ऐकून मुलाने तो विचार पुढे ढकलला. मला मात्र तो नियम फार आवडला. अनोळखी माणूस खांबावर आहे एवढ्यासाठी हजारो घरांनी आपले हक्काचे ऊन सोडून द्यायचे!

आता मूळ मुद्द्यावर येते. आमच्या पॅनेलची वीज उरली की तारेवरून गावात जाते. गावात ती कोण वापरतो? या लहानशा गावात म्युनिसिपालटीची स्वस्त आणि भरवशाची वीज पाहून डेटा सेंटरे दाटीने उभी राहिली आहेत. खिडक्या नसलेल्या भल्यामोठ्या इमारती, आत कपाटांच्या रांगा, वर पंखे, मागे डिझेलची जनरेटरे. गावात खपणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज या इमारतीच खातात. आपण येथे मोबाईलवर नातवाचा फोटो पाहतो, त्याचे तेल असल्या घाण्यातून निघते. माझा मुलगा त्यांपैकीच एका ठिकाणी नोकरीला आहे. हा घाणा वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस फिरतो. बैल नसल्यामुळे कोणाला दया यावी असेही काही नाही.

पण माणसे आहेत. महिन्यातून दोन-तीन शनिवारी मुलाची पाळी असे. सकाळी किद्दूशच्या वेळी त्याचा फोन ताटाशेजारी उपडा ठेवलेला. तो वाजला की हातातला पेला ठेवून तो आतल्या खोलीत जाई आणि जेवण निवून गेल्यावर परत येई. मी बोलत नसे. मुंबईतही आपल्यापैकी किती जणांना शनिवारी कामावर जावे लागले! रेल्वेत, मिलमध्ये, टपालात हजेरी चुकत नव्हती. माझे वडीलही जात. ते संध्याकाळी परत आल्यावर आई त्यांना काही विचारीत नसे; तसे न विचारणे मलाही साधेल असे वाटे.

साधले नाही. एका शनिवारी मी त्याला म्हटले, "अरे, आपल्याला शनवार तेली म्हणत. तू निव्वळ तेली राहिलास."

तो रागावला नाही. म्हणाला, "आई, हॉस्पिटलांचे कागदसुद्धा याच मशिनांवर असतात. मशीन बंद पडलं तर?"

"जीव वाचवायला शब्बाथ मोडता येतो, ते मला ठाऊक आहे. पण दर शनिवारी तू जीवच वाचवतोस का?"

"नाही," तो म्हणाला. "बहुतेक वेळा लोकांचे सिनेमे वाचवतो."

नात हसली. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला, पण ताटातला भात निवला तो निवलाच.

पुढे त्याने स्वतःच मार्ग काढला. त्याच्या खात्यात एक मल्याळी ख्रिस्ती गृहस्थ आहेत. त्यांना रविवारी सकाळी चर्चला जायचे असते आणि तेव्हा फोन वाजला की त्यांचीही तीच अवस्था. दोघांनी वरिष्ठांकडे अर्ज केला, त्यांनी शनिवार घ्यावा, याने रविवार. अर्ज मंजूर झाला, पण वर्षातून काही आठवडे दोघांनाही हजर राहावे लागते. शनवार तेली आणि सोमवार तेली एकाच आळीत कसे नांदत असतील, ते मला या निमित्ताने थोडे समजले. त्या गृहस्थांच्या पत्नीने नाताळात केकचा डबा पाठविला. लोणी-अंडी काय, कोठली, याची चौकशी करून आम्ही तो आनंदाने खाल्ला.

गेल्या वर्षी घरातला गॅसही गेला. मुलगा म्हणाला की छपरावर वीज होते तर जमिनीतून गॅस कशाला घ्यायचा, आणि इंडक्शनची शेगडी आली. ती चांगली आहे, हे मी कबूल करते. दूध उतू जात नाही आणि भांड्याचे बूड काळे होत नाही. भाकरी मात्र फुगविता येत नाही. आचेवर टाकल्याशिवाय भाकरीला पोट सुटत नाही, हे त्या शेगडीला कोण सांगणार?

त्यामुळे आता आमच्या घरात आगपेटी एकाच कामाला लागते, शुक्रवारच्या दिव्याला. माझा दिवा आईकडून आलेला, काचेचा पेला. खाली पाणी, वर खोबरेल, मध्ये वात. तेल संपले की वात पाण्याला टेकते आणि दिवा स्वतःच शांत होतो. शब्बाथला दिवा विझविण्याचा दोष कोणावरही येत नाही. टायमर नावाची वस्तू निघण्यापूर्वी कोकणातल्या घराघरात ती टांगलेली होती! नातीने सेलवर चालणारा दिवा लावण्याची सूचना केली होती. तारेचा जुना बल्ब असेल तर काही रब्बी त्याला विस्तवाच्या जागी धरीत, कारण आतली तार तापून लाल होते. हल्लीच्या एलईडीत तापून लाल होणारी तार नसते. मी तिला दोन्ही दाखविले, आणि निर्णय तिने घेतला. आता वात तीच वळते, पण फार जाड वळते. धूर होतो आणि छताला लावलेले यंत्र सायरनसारखे ओरडू लागते, तेव्हा दिवा आता खिडकीपाशी ठेवतो.

येथल्या हिवाळ्यात एक अडचण येते. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते. डिसेंबरात पेल्यात ते तुपासारखे घट्ट बसते आणि वात नुसती जळून जाते. सून ऑलिव्हचे तेल घाला म्हणते. मिश्नामध्ये रब्बी तार्फोन यांनी शब्बाथच्या दिव्याला ऑलिव्हखेरीज दुसरे तेल नको असे म्हटले आहे, पण बाकीच्या पंडितांनी तिळासारख्या तेलांनाही मान्यता दिली, तेव्हा आपल्या घाण्यावरचे तेल अडत नाही. मी तिळाचे अर्धे आणि खोबरेल अर्धे करून पाहिले. गोठणे कमी झाले, पण काजळी वाढली. कोणते तेल किती मिसळले असता खोबरेलाचा वास राहतो आणि थंडीत दिवा नीट जळतो, हे इस्राएलमध्ये बेरशेवाकडे किंवा आणखी थंड मुलखात राहणाऱ्या एखाद्या भगिनीस ठाऊक असल्यास तिने या मासिकातून अवश्य कळवावे.