सात वाजताचा चहा आणि चार चाकू

माझ्याकडे चार चाकू आहेत. चारही घडीचे, म्हणजे पातं दांड्यात मिटणारे, खिशात मावणारे. 'खिशात' हे मी जरा हसतच लिहितेय, कारण माझ्या बहुतेक कुर्त्यांना खिसाच नाही. खिशातला चाकू ही मुळात खिसा असणाऱ्यांची वस्तू. बायकांच्या वाट्याला विळी आली, आणि विळी कुठेही नेता येत नाही. तिच्यापुढे आपणच जाऊन बसायचं.

चाकू जमवणाऱ्यांची इन्स्टाग्रामवर एक वेगळीच दुनिया आहे. तिथल्या फोटोंत बहुधा दोनच गोष्टी असतात: चाकू आणि प्यायचं काहीतरी. लाकडी टेबल, कॉफीचा मग, शेजारी अर्धवट उघडलेलं पातं. नाहीतर व्हिस्कीचा ग्लास, त्यात एकच मोठा बर्फाचा खडा. मला ते फोटो आवडतात. पण आमच्या घरात ग्लास आणि पातं शेजारी शेजारी ठेवणं इतकं सोपं नव्हतं.

आम्ही चांदीपचे. वसई तालुक्यात, विरारच्या पूर्वेला. २००९ साली इकडे महापालिका आली, २०१४ साली ठाणे जिल्ह्याचा पालघर जिल्हा झाला, मोकळ्या जमिनींवर बिल्डरांचे बोर्ड लागले. इतकं सगळं बदललं तरी घरातली एक गोष्ट तशीच राहिली होती, ती म्हणजे बाबांचं पिणं. बाबांनी कधी कुणावर हत्यार उगारलं नाही, हे आधीच सांगते. पण दारूच्या भरात कुठे काय झालं, हे आईने शेजारीपाजारी इतक्यांदा ऐकलं होतं की तिने धोका पत्करायचाच नाही असं ठरवलं होतं. रात्रीची जेवणं झाली की ती विळी आणि भाजीची सुरी जुन्या लुगड्यात गुंडाळायची आणि तांदळाच्या कोठीमागे ठेवायची. सकाळी चहाच्या आधी काढायची. मला बरीच वर्षं वाटायचं, सगळ्याच घरांत असं करतात.

बाबांची दारू २०२१ साली सुटली. केंद्रात राहून आले, मग मीटिंगला जाऊ लागले. त्यानंतर काही महिन्यांनी ऑफिसातली एक मैत्रीण फ्रान्सहून आली आणि तिने मला एक ओपिनेल दिला.

पहिला चाकू: लिंबू सरबत

ओपिनेल हा फ्रान्समधल्या साव्वा या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांचा चाकू. जोसेफ ओपिनेल या लोहाराच्या मुलाने तो १८९० साली बनवला. बीच लाकडाचा गोल दांडा, एक पातं, एक खिळा. पातं अचानक मिटून बोट कापू नये म्हणून १९५५ पासून त्याला फिरवून बसवायची एक कडी आली. माझा आठ नंबरचा, पातं साडेआठ सेंटिमीटरचं. महाग नाही, मिरवायला नाही. तिकडे लोक त्याने पाव, चीज, सफरचंद कापतात.

मी तो आईला दाखवला. तिने हातात घेतला नाही. "रात्री कुठे ठेवणार?" एवढंच विचारलं. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "शोकेसमध्ये ठेवायचा नाही. काम करणार असेल तर राहू दे."

म्हणून त्याला काम दिलं. मे महिना होता, रोज लिंबू सरबत व्हायचं. दोनच दिवसांत पातं डागाळलं, निळं-करडं पडलं. मी घाबरले. बाबांनी पातं उजेडात धरून बघितलं. वसईला एका वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्यभर टर्नरचं काम केलंय, पोलाद त्यांना कळतं. "हा गंज नाही, बाय," ते म्हणाले. "गंज लाल असतो. तो लोखंड खातो. हा काळा थर उलटा त्याला सांभाळतो."

आणि ते खरं आहे. साध्या कार्बन स्टीलच्या पात्याला लिंबू, चिंच, कैरी, कांदा लागला की त्यावर काळपट थर धरतो. तो पुरता बसला की लाल गंजाला जागा कमी उरते. आमच्याकडच्या पावसाळ्यात, जेव्हा भिंतीसुद्धा घाम फोडतात, तेव्हा हा थर आणि वर खोबरेल तेलाचं एक बोट एवढं पुरतं. चहानेही असंच होतं. चहातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळंनिळं होतं. जुन्या काळी हिरडा आणि लोखंडाची शाई बनायची ती याच गुणावर. बाबांनी एका संध्याकाळी उरलेल्या कोऱ्या चहात पातं बुडवून ठेवलं आणि दर पाच मिनिटांनी जाऊन बघत बसले. त्या संध्याकाळी ते अंगणाबाहेर गेले नाहीत.

सात वाजता

ज्यांच्या घरात कुणी दारू सोडलीय त्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी लिहिते. दारू सुटते तेव्हा दिवसातला एक तास रिकामा होतो. आमच्याकडे तो संध्याकाळी सातचा. बाबा सातला उठायचे, चप्पल घालायचे, पुन्हा काढायचे. टीव्ही लावायचे, बंद करायचे. हातांना सवय असते काहीतरी धरायची. भाषणाने ती जात नाही. आई आणि मी दोघी त्यांच्याशी मुद्दाम गप्पा मारायचो आणि त्यांना ते कळायचं. त्याचा त्यांना जास्त त्रास व्हायचा.

चाकूला धार लावणं हे मात्र दोन हातांचं काम आहे. दगड पाण्यात भिजवायचा, ओल्या फडक्यावर बसवायचा. पात्याचा कोन एकच ठेवायचा, साधारण वीस अंश. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला पोलादाची बारीक कड वळते. ती डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला खरखर लागते. मग बाजू बदलायची. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर ओढून ती कड काढायची. घाई केली तर कोन मोडतो. मन दुसरीकडे गेलं तर आवाज बदलतो. बाबा आवाजावरूनच सांगतात, "कोन सुटला बघ."

एका चाकूला अर्धा-पाऊण तास जातो. त्यात एकदा चहा होतो, गवती चहा आणि आलं घालून. गवती चहाची पात ओपिनेलने कापायची, असं आता ठरूनच गेलंय. बाबांना कुणीतरी अनिल अवचटांचं 'छंदांविषयी' वाचायला दिलं होतं. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू करणारा माणूस लाकूड कोरतो, कागदाच्या घड्या घालतो, बासरी वाजवतो, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. "इतकं काम असलेल्या माणसालापण हाताला काहीतरी लागतंच की," असं म्हणाले.

दुसरा आणि तिसरा

दुसरा चाकू लाल स्विस. याचा बूच काढायचा स्क्रू बघून आई म्हणाली, "याचं आपल्याकडे काय काम?" प्रश्न बरोबर होता. १८९१ साली स्विस सैनिकांना जो चाकू मिळाला त्यात हा स्क्रू नव्हताच. पातं, डबा उघडायचं, स्क्रूड्रायव्हर आणि आर, एवढंच होतं. कार्ल एल्सेनर यांनी १८९७ साली अधिकाऱ्यांसाठी वेगळा, हलका चाकू काढला, त्यात वाइनच्या बुचासाठी स्क्रू घातला. सैन्याने तो अधिकृत घेतला नाही, अधिकाऱ्यांनी आपल्या पैशाने विकत घेतला. फ्रान्समधल्या लागियोल चाकूला तर हा स्क्रू १८८० च्या सुमारास लागला, कारण त्या भागातली माणसं पॅरिसला जाऊन कॅफेंमध्ये काम करू लागली होती. म्हणजे चाकूच्या पोटात पेय फार आधीपासून आहे.

आमच्या घरात बाटली नाही. बाबा त्या स्क्रूने घट्ट बसलेल्या गाठी सोडवतात: तांदळाच्या पोत्याची सुतळी, वाळत घालायची दोरी. गाठीत टोक घालायचं, फिरवायचं, ओढायचं. हा चाकू ज्या दिवशी काम करतो त्या दिवशी कोकम सरबत, कारण पहिल्यांदा त्याने कोकमाच्या पिशवीची गाठ सोडवली होती. एवढंच कारण आहे.

तिसरा जपानचा, हिगोनोकामी. मिकी गावात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बनू लागला. वाकवलेल्या पत्र्याचा दांडा, पात्यामागे अंगठ्याने दाबायची एक छोटी पट्टी. पातं लॉक होत नाही, अंगठाच ते धरून ठेवतो. एके काळी तिथल्या शाळकरी मुलांच्या दप्तरात हा असायचा, पेन्सिलीला टोक काढायला. मग ऑक्टोबर १९६० मध्ये टोकियोत, भर सभेत, इनेजिरो असानुमा या राजकीय नेत्याचा एका तरुणाने आखूड तलवारीने खून केला, आणि मुलांच्या हातात पातं देऊ नका ही मोहीम जपानभर पसरली. पेन्सिलीचा चाकू हळूहळू दप्तरांतून गेला.

ही गोष्ट मी आईला सांगितली. मला वाटलं, ती म्हणेल, बरोबर केलं त्यांनी. ती म्हणाली, "मग पोरं पेन्सिली कशाने तासायला लागली?" आता हिगोनोकामी तिच्याकडे असतो. ती त्याने उसाच्या कांड्या सोलते. रस काढायचं यंत्र घरी नाही, तेव्हा कांड्या चघळणं हेच पेय.

जो घरात आला नाही

एका मित्राकडे छोटा रामपुरी होता. तो मला देत होता. रामपुरी म्हणजे आपल्या सिनेमातला चाकू. 'वक्त' मधला राजकुमार आठवा. उत्तर प्रदेशातल्या रामपूरने २०२३ साली चौकात वीस फुटी चाकू उभारला, इतका त्यांना त्याचा अभिमान आहे. कारागिरी म्हणून तो खरंच सुंदर असतो. कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडच्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा विचार होतो, आणि घरकामाची, शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. मित्राचा चाकू त्यात कुठेच बसत नव्हता. तरी चाकू घेऊन लोकलने फिरणं वगैरे मी करत नाही, तुम्हीही करू नका.

मी तिथूनच आईला फोन लावला. बोलताना मित्राने तो उघडला, कट्-कट्-कट् असा आवाज झाला. आई गप्प झाली. मग म्हणाली, "तो आवाज नको घरात." मी का म्हणून विचारलं नाही. तो चाकू मित्राकडेच आहे. संग्रह करणारे आपल्याकडे काय आहे याच्या याद्या करतात. माझ्या यादीत एक ओळ काय नाही याचीही आहे.

त्याच पावसाळ्यात कधीतरी, धार लावायला बसलो असताना, आईने विळी आणून बाबांसमोर ठेवली. "हिलापण बघा जरा," म्हणाली. बाबांनी काही न बोलता दगड पुन्हा भिजवला. विळीचं पातं वाकडं, ते दगडावर नाही बसत, दगडच पात्यावर फिरवावा लागतो. तासभर लागला. चहा दोनदा झाला.

चौथा: नीरा

चौथा चाकू आज्याचा. गावच्या लोहाराने केलेला, शिंगाचा दांडा, पातं झिजून अर्धं उरलेलं. आजा ताडावर चढायचा. झाडावर न्यायची धारदार कोयती वेगळी, कमरेला लटकवलेली. हा खिशातला सुपारी आणि दोरी कापायचा. ताडाच्या पोगीचं टोक सकाळ-संध्याकाळ अगदी पातळ कापावं लागतं, तरच रस गळत राहतो. धार बोथट असेल तर टोक चेचतं आणि रस थांबतो. म्हणजे आज्याचं अख्खं पोट धारेवर होतं.

त्या रसाची दोन नावं आहेत. मडक्याला आतून चुना लावून पहाटे उतरवला तर नीरा: गोड, थंड, लहान मुलांनी प्यावा असा. तसाच राहिला तर हवेतलं यीस्ट त्यातली साखर खातं आणि काही तासांत त्याची ताडी होते. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातसुद्धा नीरा आणि ताडी यांच्या वेगळ्या व्याख्या आहेत. त्याआधी इंग्रजांनी १८७८ च्या अबकारी कायद्याने झाडांवरचे कर वाढवले, तेव्हा या पट्ट्यातले ताडी काढणारे चिडून उठले होते. झाड तेच, रस तोच, सगळा फरक वेळेचा.

मागच्या हिवाळ्यात मी पहाटे नीरा आणली. ताजी, स्टीलच्या डब्यात. आज्याच्या चाकूशेजारी ठेवून फोटो काढायचा आणि बाबांना ग्लास द्यायचा, असं मनात होतं. त्यांनी डबा हुंगला, हसले आणि झाकण परत लावलं.

"सकाळी नीरा, दुपारी ताडी," ते म्हणाले. "मला घड्याळ बघत काही प्यायचं नाही."

मी आणि आईने नीरा प्यायलो. छान होती. बाबांनी स्वतःसाठी चहा ठेवला आणि आज्याच्या चाकूला तेल लावत बसले. या चाकूला ते धार लावत नाहीत, कारण आणखी घासलं तर पातं उरणार नाही. फक्त पुसायचा, तेल लावायचं, मिटायचा.

ज्यांना चाकू जमवायचा नाद आहे ते विचारतात, यातला सर्वांत किमती कोणता? खरं सांगायचं तर चारही मिळून एका साध्या फोनच्या किमतीत बसतील. आणि कशाबरोबर काय प्यावं, याचं आमच्याकडचं उत्तर तर फारच साधं आहे. सात वाजता जे काही भांड्यात उकळत असेल ते. रात्री चारही चाकू ओट्यावरच्या डब्यात, चमच्यांशेजारी असतात. डब्याला झाकण नाही.