वरून दिसणारं गाव

मॉडेल रेल्वेच्या इमारतींच्या किटमध्ये काय सुधारायला हवं, असा विषय निघाला की हौशी मंडळी हटकून भिंतींपासून सुरुवात करतात. विटांमधली दर्ज फार रुंद आहे, खिडकीच्या पट्ट्या वाशांएवढ्या जाड आहेत, दाराला मूठ नाही. तक्रारी खऱ्या आहेत. एच-ओ म्हणजे १:८७ या प्रमाणात एक सेंटिमीटरची दर्ज ०.११ मिलिमीटरची होते. एवढी बारीक रेघ प्लॅस्टिकवर उठवणं अवघड, म्हणून कारखाने ती फुगवतात. पण या चर्चेत पाहणाऱ्याचा डोळा कुठे असतो हे कोणी विचारत नाही. टेबल मीटरभर उंच धरा. शेजारी उभ्या माणसाचे डोळे रुळांच्या साधारण ५५ सेंटिमीटर वर येतात. याला ८७ ने गुणलं तर जवळजवळ ४८ मीटर होतात. म्हणजे ते छोटं गाव आपण पंधरा मजली इमारतीच्या गच्चीवरून पाहत असतो, आणि तिथून आधी दिसतात ती छपरं. किटमध्ये सगळ्यात कमी कष्ट नेमके त्यांच्यावरच घेतलेले असतात.

सगळ्यांना एका मापाने मोजणं मात्र बरोबर नाही. जर्मन किटांचं छप्पर पुष्कळ बरं असतं. फॉलर बंधूंनी १९४६ मध्ये ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाखला ज्या घरांचा धंदा सुरू केला, ती घरं उतरत्या छपरांची. तिथे छप्पर हाच घराचा चेहरा, त्यामुळे कौलांच्या ओळी, धुराडं, पन्हाळ, छपरातली खिडकी हे सगळं आपोआप आलं. पुढे प्लॅस्टिक आलं तरी ती सवय टिकली. दुर्दशा आहे ती अमेरिकी पद्धतीच्या विटांच्या दुकानांची आणि गोदामांची. पुढची भिंत नक्षीकामाने भरलेली, आणि वर सपाट प्लॅस्टिकचा एक कोरा तुकडा; काही किटमध्ये तोही आपणच मापाने कापायचा. खऱ्या गोदामाच्या डोक्यावर किती पसारा असतो! डांबरी कागदाच्या पट्ट्या आणि त्यांचे सांधे, वाफेचे नळ, उजेडासाठी बसवलेल्या काचा, जिन्याची खोली, लाकडी पाण्याची टाकी, कठड्यावरची फरशी, पाणी वाहून जायची भोकं. यातलं काहीच नसलं की इमारत खोक्यासारखी दिसते, मग तिच्या विटा कितीही रेखीव असोत.

हे असं का झालं याचं उत्तर साच्यात आहे. प्लॅस्टिकची भिंत पोलादी साच्याच्या दोन भागांमध्ये दाबून काढतात. एका भागावर विटा कोरलेल्या असतात. दुसऱ्या बाजूने खिळे भिंतीला बाहेर ढकलतात आणि तिथे गोल वण उरतात. आतली बाजू घरात झाकली जाईल, या हिशेबाने तिच्यावर कोणी काही कोरत नाही. पण भिंत छपराच्या वर कठडा होऊन चढते, तिथे ती आतली बाजू उघडी पडते, आणि वरून पाहणाऱ्याला विटांऐवजी गुळगुळीत प्लॅस्टिक आणि ते वण दिसतात. माझ्या मते किटमधली ही सगळ्यात मोठी उणीव आहे, आणि उपाय मात्र सोपा: कठड्याच्या आतून चिकटवायच्या विटांच्या चार पट्ट्या आणि वरून बसणारी फरशी. दोन्ही सपाट, दोन्ही त्याच साच्यात मावणाऱ्या.

खर्च वाढेल, हा पहिला आक्षेप. साचा महाग असतो हे खरं, पण तो एकदाच घडवायचा असतो. भिंती प्रत्येक इमारतीच्या वेगळ्या. नळ, टाकी आणि काचा मात्र वीस इमारतींना चालतात. वॉल्थर्सने आपल्या कॉर्नरस्टोन मालिकेत छपरावरच्या वस्तूंचा वेगळा संच काढलाच आहे, म्हणजे मागणी आहे. तो खोक्यातच का घालू नये, एवढाच प्रश्न. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: जाणकार माणूस रूळ छातीच्या उंचीवर बसवतो, मग छप्पर दिसतंय कुठे? पुन्हा आकडे मांडू. रूळ १.३० मीटरवर, डोळे १.५५ वर, फरक २५ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास २२ मीटर. दोन मजली स्टेशनाचं छप्पर अजूनही बरंच खाली राहतं. सात मजली इमारतच तेवढी डोळ्याच्या रेषेत येते. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथेही रुळांभोवती जमणाऱ्यांची नजर वरूनच उतरते.

नवशिक्याला जास्त सुटे भाग बुजवतील, ही भीतीही पुढे केली जाते. मला उलटं वाटतं. नवशिक्याचा धीर सुटतो तो भिंतीतच ओतलेल्या खिडक्या रंगवताना, ब्रश विटांवर घसरतो तेव्हा. सुट्या खिडक्या आधी रंगवून बसवता येतात. छपरावरचा नळ वाकडा बसला तरी बिघडत नाही, खरेही नळ वाकडे असतातच. छप्पर उचलता येण्याजोगं असावं, ही मागणीही यातलीच. आत दिवा लावला की भिंत आणि छपराच्या सांध्यातून उजेड पाझरतो, आणि दिवा गेला की चिकटवलेलं छप्पर फोडावं लागतं. जर्मन किटांत पडद्यांच्या छापील कागदाबरोबर उजेड अडवणारा काळा कागद येतो, तो सगळ्यांनीच द्यावा. सोबत छपराला आतून खाच हवी, म्हणजे ते डिंकाशिवाय घट्ट बसेल.

कोकणातलं किंवा घाटातलं स्टेशन करू पाहणाऱ्याला तर छप्पर हाच सगळा प्रश्न असतो. भिंती काळ्या दगडाच्या, त्या कशाही जमवता येतात; पण मंगळुरी कौलांच्या ओळी, त्यांवरचे कोने आणि वळचणीखाली डोकावणारी वाशांची टोकं नसली तर ते स्टेशन कुठलंही असू शकतं. इथे युरोपी कौलांचे पत्रे बऱ्यापैकी चालून जातात, आणि त्याला कारण आहे. एकमेकांत अडकणारी ही कौलं मंगळुरात करायला सुरुवात केली बासेल मिशनने, १८६५ मध्ये. नमुना युरोपातूनच आलेला होता.

राहता राहिला त्रिमितीय छपाईचा मुद्दा. ज्याला जे हवं ते तो घरी छापेल, मग किटांची काळजी कशाला, असं म्हणणारे वाढताहेत. पंखा, झडप, टाकी यांबाबत ते बरोबर आहेत. पण छप्पर म्हणजे मोठा पातळ पत्रा, आणि घरगुती छपाईत तोच भाग फसतो: कडा वाकतात, थरांच्या रेघा उमटतात. सपाट काम लेझरने कापलेल्या पुठ्ठ्यात किंवा लाकडात फार सुबक होतं. तेव्हा कारखान्याने कापलेलं छप्पर, कठड्याच्या पट्ट्या आणि फरशी खोक्यात द्यावी, आणि वरच्या पसाऱ्याच्या छपाईच्या फाइली सोबत द्याव्यात. कोणाला चार नळ हवेत, कोणाला चौदा, ते ज्याचं त्याने ठरवावं.