भोपळा

प्रत्येक माणसाला एखादी खोड असते. माझी खोड आकड्यांची. आमच्या बँकेच्या क्रिकेट-संघात मी बावीस वर्षे होतो. पण बॅट कधी हाती धरली नाही की चेंडू कधी टाकला नाही. मी स्कोअरर होतो! शिवाजी पार्कच्या कडेला टेबलावर वही पसरून, कानामागे एक पेन्सिल आणि हातात दुसरी, अशा थाटात मी बसत असे. धावा किती, बळी किती, झेल कोणाचा, हे सारे त्या वहीत उतरायचे. आणि त्या वहीने माझी एक समजूत करून दिली होती, की वहीत जे आले नाही ते मैदानावर घडलेच नाही.

ही समजूत घेऊनच मी २०२४ साली चिरंजीवांकडे मिनिआपोलिसला गेलो. दिवस ऑक्टोबरचे. झाडे लालपिवळी झालेली, आणि घरोघर दारात हे एवढाले केशरी भोपळे मांडून ठेवलेले. आमच्या सौभाग्यवतींना ते पाहून घारग्या सुचल्या. मला काय सुचले ते पुढे येईलच.

नातू सोळा वर्षांचा. शाळेच्या संघात अमेरिकन फुटबॉल खेळतो. नाव फुटबॉल, पण पायाचा संबंध बेताचाच. चेंडू सोललेल्या नारळाच्या घाटाचा. शंभर यार्डांचे मैदान, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनी चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही तर चेंडू समोरच्यांना द्यायचा. त्यांचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. तो चेंडू लांब फेकतो आणि धावत सुटलेले त्याचे रिसीव्हर तो झेलतात. बचाव करणाऱ्यांत सर्वांत मागे उभा राहतो त्याला सेफ्टी म्हणतात. त्याच्या मागे कोणी नाही. तो चुकला की संपले. आमचा नातू हा सेफ्टी.

आता समोरच्याची फेक या सेफ्टीने हवेतच झेलली, तर चेंडू आपला होतो. त्याला इंटरसेप्शन म्हणतात, आणि ते खेळाडूच्या नावावर लिहितात. हे ऐकताच माझ्यातला स्कोअरर जागा झाला. सापडला की इथला बळी!

हंगाम संपायला एक सामना उरला होता. त्याच्या आधीचा सामना पाहून आम्ही मोटारीने घरी येत होतो. मी नातवाला विचारले, "या हंगामात तुझी इंटरसेप्शन्स किती रे?"

"एकही नाही, आजोबा."

"आणि गेल्या वर्षी तुझ्या जागेवर जो मुलगा होता, त्याची?"

"सहा."

रस्त्याच्या कडेने त्या दारादारांतल्या भोपळ्यांची रांग चाललीच होती. मला विनोद सुचला. मी म्हणालो, "म्हणजे तुझा भोपळाच म्हणायचा!"

कोणी हसले नाही. पोराला मराठी बोलायला अडखळते, पण समजते सारे. त्याने डोक्यावर टोपडे ओढून घेतले आणि तो खिडकीबाहेर पाहू लागला. घरी आल्यावर जेवला नाही. आपल्या खोलीत गेला. "अहो, जिभेला काही हाड?" एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या.

रात्री चिरंजीव माझ्यासमोर येऊन बसले. टेबलावर फराळाचे डबे होते. त्याने मधोमध एक लाडू ठेवला. "बाबा, हा क्वार्टरबॅक." मग शंकरपाळे पेरले आणि पाठीमागे, पार मध्यभागी, एक चकली ठेवली. "ही गेल्या वर्षीची योजना. प्रत्येक गड्याने एकेक रिसीव्हर धरायचा, सावलीसारखा. त्यांचे डोळे आपापल्या माणसावर, म्हणजे चेंडूकडे पाहायला फुरसत कोणाला? मागे एकच सेफ्टी मोकळा. त्याने फक्त क्वार्टरबॅकचे डोळे वाचायचे. फेक जरा उंच गेली, कोणाच्या हाताला लागून उडाली, की हा खाली झेल घ्यायला हजर."

मग त्याने दुसरी चकली मांडली. "यंदा प्रशिक्षक नवे. त्यांनी मागे दोन सेफ्टी ठेवले, दोघांना मैदान अर्धे-अर्धे वाटून दिले. हुकूम एकच, डोक्यावरून काही जाऊ द्यायचं नाही. समोरच्याला मागे दोघे दिसतात, तो लांब फेकतच नाही. समोर आखूड, पाच-सात यार्डांवर टाकतो. चेंडू तुमच्या नातवापर्यंत येतच नाही, तर तो झेलणार काय? पण हंगामात त्याच्या डोक्यावरून एकही लांब फेक गेलेली नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत." जरा थांबून तो म्हणाला, "बाबा, सत्त्याण्णव मार्क मिळाले तेव्हा तुम्ही मलाही असंच विचारलं होतंत. तीन कुठे गेले म्हणून."

मी लाडू खाल्ला नाही. क्वार्टरबॅक आहे तसाच टेबलावर राहिला.

पुढचा आठवडा मी नातवाची पुस्तके आणि चिरंजीवांचा संगणक यांच्यात काढला. आकड्यांचा माणूस, प्रायश्चित्त घ्यायचे तेही आकड्यांतच! आणि पहिलेच नाव निघाले ते याच मिनेसोटाचे. पॉल क्रॉझ. १९६४ ते १९७९ या सोळा हंगामांत ८१ इंटरसेप्शन्स. हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. पहिल्याच वर्षी वॉशिंग्टनकडून १२; मग १९६८ पासून मिनेसोटा व्हायकिंग्जकडे. कॉलेजात हा गडी बेसबॉलमध्ये सीमेजवळ क्षेत्ररक्षण करायचा, म्हणजे उंच झेलाखाली पोचण्याची नजर होतीच. पण व्हायकिंग्जनी त्याला उभा केला तोही मागे, मोकळा, मैदान नजरेखाली राहील असा. शिवाय पुढच्या फळीत ॲलन पेज आणि कार्ल एलर यांच्यासारखे धिप्पाड गडी. त्या फळीला लोक 'जांभळे नरभक्षक' म्हणत. असे नरभक्षक अंगावर येताना क्वार्टरबॅकची फेक ठिकाणावर कशी पडणार? वहीत नाव क्रॉझचे. पण त्या प्रत्येक आकड्यात थोडा थोडा पेज आहे, थोडा एलर आहे.

काळाचाही वाटा असतो. क्रॉझच्या आरंभीच्या काळात शंभर फेकींमागे पाचांहून अधिक चेंडू बचाववाल्यांच्या हाती पडत. १९७८ साली नियम बदलला. पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्काबुक्की करता येईना. फेकी आखूड आणि अचूक होत गेल्या. आता शंभरांत जेमतेम दोन-अडीच हाती लागतात. जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करायची म्हणजे नदीच्या पाण्याने नळाचे पाणी मोजायचे!

सिअ‍ॅटलच्या संघाचे उदाहरण तर मी दोनदा वाचले. २०१३ च्या हंगामात हा संघ अजिंक्य ठरला. त्यांच्या योजनेत पाठीमागच्या मैदानाचे तीन उभे भाग करून मधला अर्ल टॉमस या सेफ्टीवर सोपवलेला असे. तो इतका चपळ, की मधून फेकण्याची हिंमत होईना. त्या वर्षी त्याच्या नावावर ५ इंटरसेप्शन्स लागली; पण कडेला उभा राहणाऱ्या रिचर्ड शर्मनच्या नावावर ८, सबंध लीगमध्ये सर्वांत जास्त! मधला दरवाजा बंद असला की चोर खिडकीकडे वळतो, आणि तिथे शर्मन उभा. दरवाजा राखणाऱ्याचे नाव शर्मनच्या आठांत कुठे लिहायचे?

हे वाचून मला वाटू लागले, की मग सारे श्रेय योजनेचेच. पण तेही खरे नव्हे. बाल्टिमोरचा एड रीड सेफ्टीच होता. २००४, २००८ आणि २०१० या तिन्ही वर्षी तो इंटरसेप्शन्समध्ये लीगमध्ये पहिला आला, एकूण ६४. त्याला मोकळीक दिली होती, हे खरे. पण आपण भलतीकडे पाहतो आहोत असे भासवून क्वार्टरबॅकला फेकायला लावायचे आणि चेंडू हातातून सुटण्याच्या सुमारास तिकडे झेपावायचे, ही विद्या कोणत्या आराखड्यात लिहिलेली नसते. त्याच २०२४ च्या हंगामात डेट्रॉइटचा कर्बी जोसेफ हा सेफ्टी ९ घेऊन पहिला आला. त्याच्या संघाचा भर एकास एक पहाऱ्यावर, म्हणजे आमच्या टेबलावरच्या पहिल्या चकलीसारखा. योजना चेंडू जवळ आणते. झेलायचा मात्र ज्याचा त्यानेच.

शेवटच्या सामन्याला मी नवी वही घेऊन गेलो. थंडी अशी, की पेन्सिल धरवेना. या खेपेस मी चेंडूकडे पाहिलेच नाही. चेंडू सुटण्यापूर्वी समोरचा क्वार्टरबॅक कुठे पाहतो, एवढेच पाहिले. तो मान वर करी, नातवाच्या अर्ध्या मैदानाकडे बघे, तिथे आमचा पोरगा रिसीव्हरच्या मागे, डोके शांत ठेवून उभा. मग तो चेंडू आवरता घेई आणि जवळच कुठे तरी टाकी. दोनदा तर बघण्यातच वेळ गेला आणि आमच्या पोरांनी त्याला लोळवला. दर वेळी मी वहीत एक रेघ मारली. बावीस वर्षांत असा रकाना मी कधी आखला नव्हता. वर मथळा लिहिला: "पाहिले, पण फेकला नाही".

नातवाने सामनाभर चेंडूला हात लावला नाही. त्याच्या डोक्यावरूनही काही गेले नाही. आमचा संघ जिंकला.

घरी आल्यावर मी वही त्याच्यापुढे ठेवली. क्षमा मागण्याची सवय आमच्या पिढीला नाही. आमचे ओठ त्या कामी अवघडतात. वहीच बोलेल तेवढे बोलो. त्याने रेघा मोजल्या. अकरा होत्या. मथळा त्याने अक्षर अक्षर लावून वाचला. मग पुन्हा मोजल्या.

"आजोबा, चुकलं. तेरा वेळा होतं," तो म्हणाला. "दोनदा त्याने नुसते खांदे फिरवले. तुम्ही फक्त मान बघितली."

मी कानामागची पेन्सिल काढून त्याच्या हाती दिली. त्याने दोन रेघा वाढवल्या, वही मिटली आणि आजीला विचारले, "आजी, जेवायला काय आहे?"

"भोपळ्याच्या घारग्या," सौभाग्यवती म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहून पदर तोंडाला लावला.