फाशाला स्मरणशक्ती नसते

बंगळूरूच्या सर्जापूर रोडवर राहणारे, मूळचे वाईचे एक संगणक अभियंता आहेत. दिवसभर ते संगणकाला आज्ञा देतात आणि संगणक त्या निमूटपणे पाळतो. संध्याकाळी खेळायला बसले, की मात्र सत्तांतर होते. शहरातून मोटार पळवण्याच्या खेळात हे गृहस्थ तांबड्या दिव्यापाशी थांबतात. फुटबॉलच्या खेळातील त्यांचा पहिला गोल स्वतःच्याच जाळ्यात गेला होता. बारा वर्षांच्या कन्येने त्या गोलाचे चित्रमुद्रण जपून ठेवले आहे.

एकदा तिच्या आग्रहावरून त्यांनी नायकाच्या डोळ्यांतून जग दाखवणारा एक साहसी खेळ हाती घेतला. दहाव्या मिनिटाला नायक शाबूत होता. गृहस्थ मात्र मळमळून न्हाणीघराकडे धावले. याचे कारण भित्रेपणा नव्हे. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले, की त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला गतीची वर्दी मिळते. पडद्यावरचे दृश्य गरगर फिरू लागले, की डोळे म्हणतात ‘आपण धावतो आहोत’ आणि कान म्हणतो ‘आपण खुर्चीत बसलो आहोत’. या विसंगतीतून मळमळ होते, असे या त्रासाचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. धावत्या गाडीत पुस्तक वाचताना याच्या नेमके उलट घडते : कानाला गती जाणवते आणि डोळ्यांपुढचे पान स्थिर असते. तरीही इब्लूर जंक्शनपासून कैकोंड्रहळ्ळी तलावापर्यंत गृहस्थ रोज मोबाइलवर निर्धास्तपणे कोडी सोडवतात. तेवढ्या टप्प्यात गाडी हलतच नाही.

पडद्यापुढे हात टेकल्यावर घरात बैठा खेळ आला. क्लाउस टॉयबर या जर्मन खेळरचनाकाराचा, १९९५ साली प्रसिद्ध झालेला ‘कॅटान’. १९ षटकोनांचे एक बेट. त्यांपैकी एक वाळवंट, बाकी प्रत्येकावर एक आकडा. दोन फाशांची बेरीज त्या आकड्याइतकी झाली, की तेथे वस्ती असणाऱ्याला लाकूड, विटा, गहू, लोकर किंवा खनिज मिळते. कन्येने विचारपूर्वक आठच्या षटकोनावर वस्ती केली. दोन फाशांची ३६ दाने संभवतात आणि त्यांतील ५ दानांत बेरीज आठ होते. सात वगळता यापेक्षा अधिक संधी कोणत्याच आकड्याला नाही. सातला ६ संधी आहेत. पण सात पडले, की कोणालाच काही मिळत नाही, उलट दरोडेखोर येतो.

फासे १२ वेळा पडले. आठ एकदाही आले नाही. सात तीनदा आले आणि तिन्ही वेळा दरोडेखोर कन्येच्याच शेतावर मुक्कामाला गेला. तिने पत्ते खाली ठेवले.

“माझं नशीबच असं आहे, बाबा. परीक्षेतही मला न येणारेच प्रश्न येतात. मी गणिताच्या स्पर्धेचा अर्ज भरणार नाही.”

आतापर्यंत हसणारे गृहस्थ गप्प झाले. खेळातील हार रात्रीपुरती असते. ‘माझे नशीबच असे’ हा निष्कर्ष मात्र आयुष्यभर पुरतो. त्यांनी कागद घेतला. एका वेळी आठ न येण्याची शक्यता ३६ पैकी ३१. हा अपूर्णांक स्वतःनेच १२ वेळा गुणला, तर उत्तर येते सुमारे ०.१६६. म्हणजे जवळजवळ सहात एक. जो प्रसंग कन्येला दैवाचा कट वाटत होता, तो एका फाशावर एक पडण्याइतकाच सामान्य होता.

“मग आता तरी आठ येईल ना?” तिने विचारले. हाच प्रश्न १९१३ साली माँटे कार्लोच्या द्यूतगृहात अनेकांना पडला होता. तेथे रूलेटच्या चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला आणि ‘आता तांबडा येणारच’ म्हणत लोक पैसे गमावत गेले. याला जुगाऱ्याचा भ्रम म्हणतात. तेराव्या वेळीही आठची शक्यता तेवढीच, ३६ पैकी ५. आधी काय पडले, हे फाशाला आठवत नाही. ते आपल्यालाच आठवते.

कन्येने फाशावरच संशय घेतला. रविवारी लाल फासा ६०० वेळा टाकण्यात आला. प्रथम स्टीलच्या परातीत आणि खालच्या मजल्यावरून निरोप आल्यानंतर सतरंजीवर. प्रत्येक आकडा सरासरी १०० वेळा अपेक्षित होता. पण प्रमाण विचलन सुमारे ९ असल्याने ८२ ते ११८ एवढा फरक स्वाभाविकच. सर्वांत कमी आलेला आकडा ८८ वेळा आला, सर्वांत अधिक आलेला १११ वेळा. लाल फासा निर्दोष सुटला.

वाईहून आलेल्या आजी हे सारे पाहत होत्या. त्यांनी वनपर्वातील नळराजाची कथा काढली. कलीने झपाटलेला नळ द्यूतात राज्य हरला आणि पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. वाटेत ऋतुपर्णाने एका बेहड्याकडे पाहून त्याची पाने आणि फळे किती, ते सांगितले. नळाने मोजून पाहिले, तर हिशेब बरोबर. बेहड्याच्या बियाच त्या काळी फासे म्हणून वापरत. ऋतुपर्णाकडून नळ अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकला आणि त्याच क्षणी कली त्याच्या देहातून बाहेर पडला.

“पण अर्जाचं काय?” कन्येने विचारले.

“फासा तुला ओळखत नाही आणि ओळखणारही नाही,” गृहस्थ म्हणाले. “न येणारे प्रश्न मात्र अभ्यासाने कमी करता येतात. निकालाची हमी मी देत नाही.” हमी नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसला असावा, अर्ज त्याच रात्री भरला गेला.

पुढच्या रविवारी आजीही खेळायला बसल्या. त्यांनी वस्ती केली ती दोनच्या षटकोनावर. ३६ दानांत दोन एकदाच येते, हे चिरंजिवांनी समजावून पाहिले. “असू दे, एकटा पडलाय बिचारा,” त्या म्हणाल्या. पहिलेच दान दोन पडले. दुसऱ्या फेरीत पुन्हा दोन.

“अशक्य!” गृहस्थ ओरडले.

“अशक्य नाही, बाबा,” कन्या आजीपुढे गहू सरकवत म्हणाली. “छत्तिसात एक. या वेळीही तेवढीच.”